एजवुडची घरपट्टी

पैसे कुणीतरी खातंय, असा एजवुडच्या पालकांना पक्का संशय होता. गोष्ट १९६८ सालची, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराच्या पश्चिम अंगाची. तिथल्या शाळांच्या खिडक्यांची तावदानं फुटलेली होती. एका प्राथमिक शाळेचा वरचा मजला धोकादायक ठरवून बंद केला होता आणि तिथे वटवाघळांनी बस्तान बसवलं होतं. त्या वर्षी १६ मे रोजी एजवुड हायस्कूलची सुमारे चारशे मुलं वर्गातून उठली आणि थेट सुपरिंटेंडंटच्या कचेरीवर चालत गेली. इमारती दुरुस्त करा आणि पात्र शिक्षक द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मुलांच्या मागोमाग पालक उभे राहिले. त्यांतले एक डिमेट्रिओ रॉड्रिगेझ, जवळच्या केली हवाई तळावर पत्राकाम करणारे कामगार आणि माजी सैनिक. आपण घरपट्टी भरतो, राज्याकडून अनुदान येतं, मग शाळांची ही दशा का? डिस्ट्रिक्टचे अधिकारी पैशाचं करतात तरी काय? हा प्रश्न घेऊन पालक आर्थर गॉकमन या वकिलांकडे गेले. गॉकमन यांनी आकडे तपासले आणि पालकांना वेगळंच सांगितलं. एजवुडच्या अधिकाऱ्यांना कोर्टात खेचून काही हाती लागणार नव्हतं, कारण उधळायला त्यांच्याकडे पैसाच नव्हता. दोष खर्चाच्या वहीत नसून जमेच्या पद्धतीत होता, आणि ती पद्धत टेक्सास राज्यानं कायद्यानं घालून दिलेली होती.

शाळांवरच्या सरकारी खर्चाची चर्चा आजही बहुतेक वेळा त्या पालकांच्या पहिल्या प्रश्नापाशीच अडकते. ‘एवढा पैसा देतो, तो जातो कुठे?’ हा प्रश्न वाजवी आहे. पण एजवुडचा इतिहास त्याच्या एक पायरी मागे नेतो. खर्च कसा झाला हे विचारण्याआधी खर्च करण्याजोगं कुणाच्या हाती काय होतं, ते पाहावं लागतं.

अमेरिकेतला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. तो फक्त शाळांसाठी आखलेला प्रदेश असतो. त्याच्या सीमा शहराच्या किंवा काउंटीच्या सीमांशी जुळतीलच असं नाही. त्याला स्वतःचं निवडून दिलेलं मंडळ असतं आणि हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर, तेलविहिरींवर कर बसवण्याचा स्वतःचा अधिकार असतो. एकट्या सॅन अँटोनिओ परिसरात एजवुड धरून असे सात डिस्ट्रिक्ट होते. मुलं त्याच शहरात वाढत, पण कुठली शाळा आणि किती पैशाची शाळा हे नकाशावरची रेघ ठरवत असे.

एजवुडमध्ये तेव्हा २५ शाळा आणि सुमारे २२,००० मुलं होती. शंभरातली नव्वद मेक्सिकन वंशाची, सहाहून थोडी जास्त कृष्णवर्णीय. कारखाने आणि मोठी दुकानं जवळजवळ नव्हतीच. हवाई तळ होता, पण तो संघराज्य सरकारचा, म्हणून मालमत्ता करातून मुक्त. उरली कामगारांची छोटी घरं. एका विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता भरत होती ५,९६० डॉलर, म्हणजे परिसरातली सर्वांत कमी. पलीकडे, उत्तरेला, अलामो हाइट्स. सहा शाळा, सुमारे ५,००० मुलं, वस्ती बहुतांशी गोऱ्यांची आणि एका विद्यार्थ्यामागे ४९,००० डॉलरहून जास्त मालमत्ता.

आता घरपट्टीचे दर पाहा. एजवुडचे लोक मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यामागे १ डॉलर ५ सेंट भरत होते. सॅन अँटोनिओ परिसरात इतका दर दुसरीकडे कुठेही नव्हता. अलामो हाइट्सचा दर ८५ सेंट. राज्याच्या किमान योजनेतला आपला वाटा भरल्यावर एजवुडच्या हाती या कष्टाच्या करातून एका मुलामागे उरत २६ डॉलर. अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्याचं अनुदान एजवुडला २२२ डॉलर, अलामो हाइट्सला २२५. संघराज्य सरकारची मदत एजवुडला १०८, अलामो हाइट्सला ३६. सगळं मिळून १९६७-६८ मध्ये एजवुडच्या मुलावर वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होते आणि अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४.

गरीब वस्तीला शिक्षणाची किंमत नसते, हे अनेकांच्या तोंडी सहज येणारं वाक्य १ डॉलर ५ सेंटच्या त्या दरापुढे टिकत नाही.

हा पेच एका रात्रीत तयार झाला नव्हता. टेक्सासनं शाळांसाठी पैसा बाजूला काढला तो फार लवकर, १८५४ साली. १८५०च्या तडजोडीत या राज्यानं आजच्या न्यू मेक्सिकोकडच्या विस्तीर्ण प्रदेशावरचा दावा सोडला आणि त्या बदल्यात संघराज्याकडून १ कोटी डॉलर मिळवले. त्यांतले २० लाख शाळांच्या कायम निधीत गेले. १८७६च्या राज्यघटनेनं सार्वजनिक जमिनींचा मोठा हिस्सा याच निधीला दिला आणि पुढे त्यांतल्या काही जमिनींखाली तेल लागलं. त्याच राज्यघटनेच्या सातव्या प्रकरणाच्या पहिल्या कलमात विधिमंडळावर एक कर्तव्य लादलेलं आहे: लोकांचं स्वातंत्र्य आणि हक्क टिकायचे तर ज्ञानाचा प्रसार हवा, म्हणून मोफत सार्वजनिक शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था उभी करावी आणि तिला पुरेसा आधार द्यावा. हा ‘कार्यक्षम’ शब्द शंभर वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पुढे सगळं महाभारत त्यावरूनच घडलं. (याच राज्यघटनेनं गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याचीही तरतूद केली होती, हेही विसरता येत नाही.)

१८८३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन स्थानिक डिस्ट्रिक्टना शाळांसाठी मालमत्ता कर बसवायची मुभा मिळाली. तेव्हाचा टेक्सास शेतीचा होता. एका गावाची जमीन दुसऱ्या गावापेक्षा फार निराळी नव्हती, त्यामुळे स्थानिक कर ही काही वाईट कल्पना नव्हती. पुढे शहरं वाढली, काही हद्दींत तेल लागलं, काहींत कारखाने आले आणि काहींत फक्त माणसं आली. सॅन अँटोनिओत तर मेक्सिकन वंशाच्या लोकांना कुठे घर घेता येईल हे खरेदीखतांतल्या वंशभेदी अटींनी ठरवून टाकलं होतं. पश्चिमेकडची वस्ती दाटत गेली त्याचं हे एक कारण. म्हणजे डिस्ट्रिक्ट गरीब कसा झाला, हेही निव्वळ बाजाराच्या माथी मारता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर राज्यानं सुधारणा केली. १९४९चे गिल्मर-एकिन कायदे, क्लॉड गिल्मर आणि ए. एम. एकिन या दोन आमदारांच्या नावाचे. साडेचार हजारांच्या आसपास असलेले डिस्ट्रिक्ट एकत्र करून त्यांची संख्या बरीच खाली आणली गेली. प्रत्येक मुलामागे किमान खर्चाची हमी ठरली. या किमान खर्चातला साधारण ८० टक्के भाग राज्यानं उचलायचा आणि २० टक्के डिस्ट्रिक्टांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे. कागदावर हे न्याय्य होतं, आणि त्या काळात मोठं पाऊलही होतं.

खोट अनुदानाच्या हिशोबात होती. राज्याचा पैसा मुख्यतः शिक्षकांच्या पगारापोटी येई आणि पगाराची श्रेणी शिक्षकाच्या पदवीवर आणि अनुभवावर ठरे. ज्या डिस्ट्रिक्टला स्वतःच्या पैशातून वरचा पगार आणि बरी इमारत देता येई, त्याच्याकडे अनुभवी शिक्षक जात. अनुभवी शिक्षक असले की राज्याकडून येणारं अनुदानही वाढे. एजवुडमध्ये ४७ टक्के शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते. अलामो हाइट्समध्ये ११ टक्के. १९७०-७१ पर्यंत राज्यानं अनुदानात भरघोस वाढ केली तेव्हा त्याचा परिणाम काय झाला? राज्याकडून एजवुडला मुलामागे ३५६ डॉलर, अलामो हाइट्सला ४९१. विषमता कमी व्हावी म्हणून उभ्या केलेल्या योजनेतून श्रीमंताला जास्त मिळू लागलं. कुणी लबाडी केली नव्हती. सूत्रानं आपलं काम चोख केलं होतं, आणि म्हणूनच ते इतकं क्लेशदायक आहे.

१९६८ साली रॉड्रिगेझ आणि इतर पालकांनी संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. २३ डिसेंबर १९७१ रोजी तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं तो मान्य केला आणि राज्याला व्यवस्था बदलायला दोन वर्षं दिली. राज्य अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. खटल्याचं नाव पडलं ‘सॅन अँटोनिओ डिस्ट्रिक्ट विरुद्ध रॉड्रिगेझ’. नाव थोडं फसवं आहे, कारण ज्या डिस्ट्रिक्टचं नाव त्यावर कायमचं बसलं, तो प्रतिवादी म्हणून आधीच वगळला गेला होता आणि पुढे त्यानं पालकांच्याच बाजूनं निवेदन दिलं.

२१ मार्च १९७३ रोजी निकाल लागला. पाच विरुद्ध चार. पालक हरले.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांचा. ते व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराच्या शिक्षण मंडळाचे १९५२ ते १९६१ अध्यक्ष होते आणि स्थानिक मंडळाच्या स्वायत्ततेवर त्यांचा खराखुरा विश्वास होता. संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा हक्क लिहिलेला नाही, असं त्यांनी म्हटलं. पैशानं शिक्षणाचा दर्जा किती वाढतो यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि स्थानिक कर हे स्थानिक नियंत्रणाचं साधन आहे. आपल्या मुलांसाठी किती खर्च करायचा आणि कशावर करायचा हे गावानं ठरवावं. व्यवस्थेत सुधारणा हवी हे त्यांनाही दिसत होतं, पण ती विधिमंडळानं करावी असं त्यांचं मत पडलं.

या युक्तिवादाला विरोधी न्यायमूर्तींपैकी बायरन व्हाइट यांनी दिलेलं उत्तर सगळ्यात नेमकं आहे, कारण ते अंकगणितानं दिलेलं आहे. काउंटीतल्या सर्वांत जास्त उत्पन्नाची बरोबरी करायची तर अलामो हाइट्सला दर १०० डॉलरमागे ६८ सेंट कर पुरत होता. एजवुडला त्यासाठी ५ डॉलर ७६ सेंट लावावे लागले असते. आणि शाळा चालवण्यासाठीच्या कराची कायदेशीर कमाल मर्यादा होती दीड डॉलर! मग एजवुडला निर्णयाचं स्वातंत्र्य होतं असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? स्थानिक नियंत्रण हे तत्त्व सुंदरच आहे. शाळेजवळ राहणाऱ्या माणसाला शाळेचं दुखणं दूरच्या राजधानीपेक्षा आधी कळतं. पण खर्चाचे पर्याय ज्याच्यापुढे आहेत त्यालाच ते तत्त्व लागू पडतं. एजवुडच्या मंडळानं पगार, वीज आणि किरकोळ डागडुजी भागवली की निवडायला फारसं काही उरत नसे. तिथे एका समुपदेशकाच्या वाट्याला ३,०९८ विद्यार्थी येत होते आणि अलामो हाइट्समध्ये ६४५. हा काही एजवुडच्या मंडळाचा ‘निर्णय’ नव्हता.

थर्गुड मार्शल यांचं विरोधी मत याहून दीर्घ आणि व्यथित आहे. १९५४ साली शाळांतला वंशभेद मोडून काढणारा खटला ज्यांनी वकील म्हणून जिंकला, तेच हे मार्शल. त्यांच्या निकालपत्रातल्या एका तळटीपेनं पुढचा इतिहास घडवला. आजच्या निर्णयामुळे राज्यांच्या स्वतःच्या घटनांखाली या व्यवस्था तपासायला काहीच आडकाठी नाही, असं त्यांनी तिथे नोंदवून ठेवलं. त्यानंतर एकामागून एका राज्यातले पालक आणि डिस्ट्रिक्ट आपापल्या राज्याच्या न्यायालयात गेले.

टेक्सासमध्ये ती वेळ १९८४ मध्ये आली. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘माल्डेफ’ या संस्थेनं एजवुड आणि आणखी काही गरीब डिस्ट्रिक्टांच्या वतीनं राज्याच्या न्यायालयात दावा लावला. राज्याचे शिक्षण आयुक्त विल्यम कर्बी यांच्या नावावरून तो ‘एजवुड विरुद्ध कर्बी’ म्हणून ओळखला जातो. या वेळी आधार होता १८७६च्या घटनेतल्या त्या एका शब्दाचा, ‘कार्यक्षम’. १९८७ मध्ये ऑस्टिनचे न्यायाधीश हार्ली क्लार्क यांनी व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. (टेक्सास विद्यापीठाच्या खेळाडूंना प्रोत्साहन देण्यासाठी बैलाच्या शिंगांसारखी दोन बोटं वर करण्याची जी खूण आज जगभर ओळखली जाते, ती विद्यार्थी असताना १९५५ मध्ये याच क्लार्क यांनी रूढ केली. टेक्सासमध्ये बऱ्याच लोकांना ते त्याच कारणानं ठाऊक आहेत. निकालासाठीही ठाऊक असायला हवेत.)

२ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल एकमतानं उचलून धरला. न्यायमूर्ती ऑस्कर मॉझी यांनी लिहिलेल्या निकालातले आकडे आजही वाचवत नाहीत. सर्वांत श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये एका विद्यार्थ्यामागे १ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त मालमत्ता होती आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टमध्ये सुमारे २०,०००. सातशेपट फरक. एजवुड ३८,८५४ वर होतं, अलामो हाइट्स ५,७०,१०९ वर. राज्यातले सर्वांत गरीब १०० डिस्ट्रिक्ट सरासरी ७४.५ सेंट दरानं कर भरून एका मुलावर २,९७८ डॉलर खर्च करत होते. सर्वांत श्रीमंत १०० डिस्ट्रिक्ट ४७ सेंट भरून ७,२३३ डॉलर खर्च करत होते. एकवीस वर्षांपूर्वी सॅन अँटोनिओच्या दोन वस्त्यांत दिसलेलं चित्र आता राज्यभर मोजून मांडलं गेलं होतं.

पण आकड्यांपेक्षा त्या निकालातलं सॅन एलिझारिओचं वर्णन मनात रुततं. मेक्सिकोच्या सीमेलगतचा हा छोटा डिस्ट्रिक्ट. तिथे परकीय भाषा शिकवली जात नव्हती. रसायनशास्त्र नव्हतं, भौतिकशास्त्र नव्हतं, कॅलक्युलस नव्हतं. बालवर्ग नव्हता, महाविद्यालयाची तयारी करून घेणारा अभ्यासक्रम नव्हता, वाद्यवृंद नव्हता, वादविवाद नव्हता, फुटबॉलसुद्धा नव्हता. ज्या राज्यात शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे शाळेचा फुटबॉल सामना, तिथे फुटबॉल नसणं हे पैसा संपल्याचं शेवटचं लक्षण मानावं लागेल. या डिस्ट्रिक्टनं निधी कसा खर्च केला, असा अहवाल कुणी मागवला असता तर तो एका पानात संपला असता.

यानंतर विधिमंडळाची खरी कसोटी लागली. १९९०चा कायदा न्यायालयानं जानेवारी १९९१ मध्ये फेटाळला, कारण सर्वांत श्रीमंत डिस्ट्रिक्ट त्यात हिशोबाबाहेरच राहिले होते. मग १९९१ मध्ये काउंटीच्या पातळीवर कर गोळा करून वाटायची योजना आली. ती जानेवारी १९९२ मध्ये पडली, कारण हा राज्याचाच मालमत्ता कर ठरत होता आणि टेक्सासच्या घटनेत राज्याला असा कर लावायला मनाई आहे. घटनाच बदलू म्हणून मे १९९३ मध्ये सार्वमत घेतलं, तर मतदारांनी ते सपशेल नाकारलं. शाळा बंद पडण्याची मुदत डोक्यावर आली तेव्हा त्याच महिन्याच्या अखेरीस एक कायदा मंजूर झाला. त्याला लोकांनी लगेच नाव दिलं, ‘रॉबिन हूड’.

एका विद्यार्थ्यामागे २,८०,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या डिस्ट्रिक्टपुढे या कायद्यानं पाच वाटा ठेवल्या. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन व्हायचं, हद्दीतली काही मालमत्ता दुसऱ्याला तोडून द्यायची, करवसुली एकत्र करायची, दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा किंवा जादा पैसा सरळ राज्याला द्यायचा. बहुतेकांनी पैसा दिला, पण हद्द सोडली नाही. जानेवारी १९९५ मध्ये न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा टिकवला. अकरा वर्षांच्या झगड्यानंतर पहिल्यांदाच गरीब आणि श्रीमंत डिस्ट्रिक्टांना सारख्या करातून बऱ्यापैकी सारखं उत्पन्न मिळू लागलं. या कायद्याला कितीही नावं ठेवली तरी ही गोष्ट नाकारता येत नाही.

डॅलसच्या उत्तरेकडची प्लेनोसारखी उपनगरं या कायद्याखाली वर्षानुवर्षं पैसे देत आली. तिथे आणि शेजारच्या फ्रिस्कोत बरीच मराठी कुटुंबं राहतात. घर घेताना आधी डिस्ट्रिक्ट पाहायचा आणि मग घर, ही तिथली रीत त्यांच्याही अंगवळणी पडली आहे. घराची किंमत शाळेमुळे वाढते आणि वाढलेल्या किमतीमुळे शाळेचा कर वाढतो, हे चक्र त्यांना रोजच्या व्यवहारातून कळतं. घरपट्टीच्या बिलातला मोठा भाग आपल्या गावात राहत नाही म्हणून होणारी कुरकुरही तिथे ऐकू येते. त्या तक्रारीत एक मुद्दा खरा आहे. डिस्ट्रिक्टकडून घेतलेल्या पैशामुळे शाळांच्या एकूण निधीत तेवढीच भर पडते असं नाही. सूत्रच असं आहे की स्थानिक उत्पन्न वाढलं की राज्याला स्वतःच्या तिजोरीतून कमी घालावं लागतं. मालमत्तेच्या किमती चढत गेल्या तसा राज्याचा हात आखडत गेला.

रॉबिन हूडची आणखी एक मर्यादा खर्चाच्या वहीतच आहे. टेक्सासचे डिस्ट्रिक्ट दोन वेगळे कर लावतात. एक शाळा रोज चालवण्यासाठी: पगार, वीज, पाठ्यसाहित्य. दुसरा कर्जरोख्यांच्या परतफेडीसाठी: इमारती, मैदानं. श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून वसूल होतो तो फक्त पहिल्या करातला पैसा. दुसरा पूर्णपणे त्यांचाच. डॅलसजवळच्या अ‍ॅलन इथे २००९ मध्ये मतदारांनी ११ कोटी ९० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले आणि त्यांतून सहा कोटी डॉलरचं, १८,००० आसनांचं हायस्कूलचं फुटबॉल मैदान उभं राहिलं. २०१२ मध्ये ते खुलं झालं, २०१४ मध्ये काँक्रीटला तडे गेल्यानं बंद पडलं आणि दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झालं. देशभर वर्तमानपत्रांनी उधळपट्टी म्हणून त्याच्यावर झोड उठवली. पण ‘हे पैसे शिक्षकांना का दिले नाहीत?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की कायद्यानं ते देताच आले नसते. रोख्यांचा पैसा पगाराला चालत नाही.

खर्चावर वरून लगाम घालायचा प्रयत्नही एकदा झाला. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्टच्या प्रत्येक डॉलरला सांकेतिक क्रमांक असतो. ११ म्हणजे वर्गातलं शिक्षण, ३४ म्हणजे बस, ३५ म्हणजे जेवण, ५१ म्हणजे इमारतींची देखभाल. २००५ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर रिक पेरी यांनी फर्मान काढलं की ६५ टक्के पैसा थेट वर्गातल्या शिक्षणावरच खर्च झाला पाहिजे. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. पण मग ग्रंथपाल कुठे मोजायचा? समुपदेशक कुठे, नर्स कुठे? मैलोन्‌मैल बस पळवाव्या लागणाऱ्या ग्रामीण डिस्ट्रिक्टनं काय करावं? टेक्सासनं ग्रंथपालांना आत घेतलं, तरी वाद मिटला नाही आणि काही वर्षांत तो नियमच मागे पडला. ज्या मुलाच्या घरी जेवण नाही त्याच्यासाठी ३५ क्रमांकाचा डॉलर हाच शिक्षणाचा पहिला डॉलर असतो, हे त्या टक्केवारीत बसत नव्हतं.

२०१६ मध्ये ह्यूस्टनच्या वाट्याला एक विचित्र पाळी आली. राज्यातला हा सर्वांत मोठा डिस्ट्रिक्ट. त्यातली तीन-चतुर्थांशाहून जास्त मुलं गरीब घरांतली. पण शहरातल्या कचेऱ्यांच्या मनोऱ्यांच्या किमती इतक्या चढल्या की सूत्रानं ह्यूस्टनला श्रीमंत ठरवलं आणि १६ कोटी डॉलरहून जास्त रक्कम मागितली. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी द्यायला नकार दिला. त्यावर राज्यानं कायद्यातली दुसरी वाट धरली: व्यापारी इमारती तोडून दुसऱ्या डिस्ट्रिक्टला जोडू. म्हणजे इमारत जागेवरच राहणार, तिचा कर मात्र दुसरीकडे जाणार. अखेर मे २०१७ मध्ये, रक्कम बरीच खाली आल्यावर, मतदारांनी पैसे द्यायला होकार दिला. मालमत्तेवरून मुलांची गरज मोजायची पद्धत १९६८ मध्ये एजवुडला नडली होती. अर्ध्या शतकानं तीच ह्यूस्टनला उलट्या बाजूनं नडली.

दरम्यान २०११ मध्ये विधिमंडळानं दोन वर्षांच्या अंदाजपत्रकातून शाळांचे सुमारे ५४० कोटी डॉलर कापले. सहाशेहून जास्त डिस्ट्रिक्ट न्यायालयात गेले, खालच्या न्यायालयात जिंकले आणि १३ मे २०१६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. व्यवस्थेत उणिवा आहेत हे न्यायालयानं मान्य केलं, पण ती घटनेची किमान अट पुरी करते असं ठरवलं. ज्या न्यायालयानं १९८९ मध्ये दार उघडलं, त्यानंच ते बरंचसं लोटून घेतलं. त्याच वर्षी एजवुडच्या मंडळातल्या सदस्यांच्या भांडणांमुळे राज्यानं ते बाजूला सारून स्वतःचे व्यवस्थापक नेमले. गरिबीशी झगडणाऱ्या मंडळातही दोष असू शकतात आणि ते लपवायचं कारण नाही. मात्र त्यावरून जुना संशय खरा होता, असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. डिमेट्रिओ रॉड्रिगेझ हे सगळं पाहायला उरले नव्हते. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०१९ मध्ये एका मुलामागचं पायाभूत अनुदान ५,१४० डॉलरवरून ६,१६० वर गेलं आणि मग महागाई वाढत असताना सहा वर्षं तिथेच थांबलं. टेक्सासमध्ये हे अनुदान पटावरून ठरत नाही, सरासरी हजेरीवरून ठरतं. आजारपण, घरची अडचण, सतत बदलणारी भाड्याची घरं यांमुळे मुलं जिथे जास्त गैरहजर राहतात, तिथे शिक्षकांचा पगार तेवढाच राहतो आणि येणारा पैसा कमी होतो. २०२५ मध्ये विधिमंडळानं सुमारे ८५० कोटी डॉलरचं नवं पॅकेज मंजूर केलं, पण पायाभूत अनुदान वाढवलं फक्त ५५ डॉलरनं. बाकीच्या रकमेचा बराच भाग ठरावीक कारणांसाठी बांधून दिला, त्यांत सर्वांत मोठा वाटा पगारवाढीचा. पाच किंवा त्याहून जास्त वर्षांचा अनुभव असलेल्या शिक्षकाला ५,००० डॉलर आणि पट ५,००० च्या आत असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये ८,०००. छोट्या ग्रामीण शाळांना शिक्षक मिळावेत हा त्यामागचा हेतू होता. सॅन अँटोनिओत मात्र अलामो हाइट्सचा पट ५,००० च्या आत आहे आणि एजवुडचा त्याच्या वर.